पाहण्याजोगा समुद्र : दोन दिघींच्या दरम्यान

कोकणचा किनारा सुंदर आहे, हे विधान आज इतके स्वयंसिद्ध झाले आहे की त्याला काही इतिहास असेल अशी शंकाही कुणाला येत नाही. नारळी-पोफळीच्या बागा, कौलारू घरे, काळ्या कातळावर फुटणाऱ्या लाटा, खाडीच्या मुखाशी एखादा जलदुर्ग, एवढी सामग्री एकत्र आली की मराठी वाक्य आपोआप हळवे होते. परंतु एखादी भूमी पाहण्याजोगी ठरते ती भाषेत आणि समाजव्यवहारात ठरते. निसर्ग त्याबाबत उदासीनच असतो. मराठीत हे केव्हा घडले, कुणाच्या डोळ्यांनी घडले आणि घडताना काय दृष्टीआड झाले, ह्याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे. त्याचे निमित्त मात्र सिद्धान्ताचे नाही, एका उत्तरपत्रिकेचे आहे.

पदवीच्या प्रथम वर्षाला मी निबंधलेखन शिकवतो. 'मी पाहिलेला समुद्र' ह्या विषयावरचे साठ-सत्तर निबंध एके वर्षी माझ्याकडे तपासायला आले. पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारी पट्ट्यातली ही मुले; बहुतेकांचा समुद्र शाळेच्या सहलीत किंवा शनिवार-रविवारी भाड्याच्या गाडीतून जाऊन पाहिलेला. सगळ्या निबंधांत तो अथांग, निळाशार, फेसाळता होता आणि सूर्यास्त न चुकता लालबुंद होता. एकाच मुलीने वेगळे लिहिले होते. तिचे आजोळ श्रीवर्धनच्या बाजूचे. आजीने वाळत घातलेल्या जवळ्याची कावळ्यांपासून राखण कशी करायची, भरती केव्हा लागणार ह्यावर घरातली कामे कशी ठरत, मामाची होडी यायला उशीर झाला त्या रात्री घरातला दिवा कुणी कसा मालवला नाही, एवढेच तिने लिहिले होते. सूर्यास्त नव्हता. समुद्राचे वर्णन म्हणावे असे काही नव्हतेच. 'विषयाला सोडून' असा शेरा मारून मी तिला वीसपैकी आठ गुण दिले. त्या वेळी ते मला योग्यच वाटले होते. पुढे तो शेरा माझ्याच डोळ्यांपुढे पुनःपुन्हा येऊ लागला, कारण विषय नेमका कुणी सोडला होता हे मला सांगता येईना.

मी राहतो त्या दिघीला समुद्र नाही. आळंदीहून पुण्याकडे येणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. दत्तगडाची टेकडी, लष्करी हद्दीच्या लांबच लांब भिंती, मॅगझिन चौक असे दारूगोळ्याची आठवण देणारे नाव मिरवणारा एक चौक, आणि वारीच्या दिवसांत ज्ञानेश्वरांच्या पालखीची वाट. दुसरी दिघी रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात, राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावर आहे. तिथल्या धक्क्यावरून खाडीच्या मुखाशी जंजिरा दिसतो. नावापलीकडे दोन्ही गावांत काही साम्य नाही. मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा अशा वाटेने एका दिघीहून निघून दुसऱ्या दिघीला एका दिवसात सुखाने पोचता येते. तसा मी गेलो आणि दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर असा तीन दिवस फिरलो. हे फिरणे इतर पर्यटकांसारखेच होते. फरक असलाच तर एवढा की मी समुद्राइतकाच समुद्राविषयीच्या मराठीकडे कान देऊन होतो.

दिवेआगरपासून प्रारंभ करणे क्रमप्राप्त आहे. पर्यटकांना हे गाव १९९७ साली सापडलेल्या सुवर्णगणेशामुळे माहीत झाले (ती मूर्ती २०१२ साली चोरीस गेली). मराठीच्या अभ्यासकाला ते शके ९८२ च्या, म्हणजे इ. स. १०६० च्या ताम्रपटामुळे माहीत असते. तिथून उत्तरेला, अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख त्याहून जुना मानला जातो, शं. गो. तुळपुळे ह्यांनी त्याचा काळ शके ९३४, इ. स. १०१२ असा ठरवला. त्याविषयी मतभेद आहेत, पण मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांपैकी दोन ह्या किनारपट्टीवर मिळावेत ही गोष्ट आपण पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही. ह्या लेखांत समुद्र आहे काय? दिवेआगरच्या ताम्रपटात काही गृहस्थांची नावे आणि सोन्याचा व्यवहार आहे. आक्षीच्या लेखात समुद्र आहे, पण राजाच्या बिरुदात: शिलाहार राजाला पश्चिम समुद्राचा अधिपती म्हटले आहे. मराठीत समुद्राची जी पहिली नोंद आपल्याला दाखवता येते ती अशी मालकीहक्काची आहे. लेख कोरणाऱ्याला लाटांचा आवाज ऐकू येत असणारच. तो लेखात येण्याचे त्याला काही प्रयोजन वाटले नाही.

समुद्राची मराठीतली दुसरी परंपरा घाटावरची आहे. माझ्या दारावरून ज्यांची पालखी जाते त्या ज्ञानेश्वरांच्या रचनेत सागर, लाटा, भरती, नाव, मोती ह्यांची रूपके विपुल आहेत. संतकवितेत सर्वत्र भवसागर आहे. परंतु हा समुद्र तरून जाण्यासाठी आहे. त्याचा पैलतीर महत्त्वाचा, त्याचे पाणी नव्हे. तो नेवाशातही असतो, पंढरपुरातही असतो आणि तो प्रत्यक्ष पाहिलेला असण्याची अटच नाही. पठारावर वाढलेल्या वाङ्मयाला समुद्र हे अनंताचे चिन्ह म्हणून फार उपयोगी पडले, आणि तो सगळा उपयोग किनाऱ्यापर्यंत न जाताच झाला. 'अथांग' हे विशेषण माझ्या विद्यार्थ्यांपर्यंत ह्याच वाटेने आले असावे असे मला वाटते. ते त्यांनी समुद्रावरून घेतलेले नाही. ते त्यांच्या जिभेवर आधीच होते.

समुद्राकडे प्रत्यक्ष पाहणारे मराठी गद्य मिळते ते राज्यकारभाराच्या ग्रंथात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र विवेचन आहे. आरमार हे राज्याचे एक स्वतंत्र अंग मानावे, जहाजांसाठी लाकूड कसे मिळवावे, त्यासाठी रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेल्या आंब्या-फणसांना हात लावू नये, टोपीकरांना वखारीसाठी समुद्रकाठची जागा देऊ नये, द्यावीच लागली तर किनाऱ्यापासून दूर, सखल जागी द्यावी, अशा गोष्टी अमात्य सांगतात. ह्या गद्याची नजर किती सावध आहे! किनारा म्हणजे राज्याचा उघडा दरवाजा, ही त्यामागची धारणा आहे. सौंदर्याचा शब्द तिथे नाही, पण खाडी, बंदर, वारा आणि माणूस ह्यांचे परस्परसंबंध इतके नेमके आहेत की आपल्या पुढच्या कितीतरी निसर्गवर्णनांना ते जमलेले नाही. (अमात्यांचा तो इशारा श्रीवर्धनच्या वाटेवर समुद्राला लगटून उठलेली विश्रामगृहे पाहताना आठवला. तुलना अर्थात अन्यायाची आहे. आजचा टोपीकर आपल्यातलाच असतो आणि बहुधा पुण्याचा असतो.)

श्रीवर्धनला पुणेकराने थोडे अवघडून जावे अशी परिस्थिती आहे. बाळाजी विश्वनाथ भट येथल्या देशमुख घराण्यातले. सिद्दीच्या जाचामुळे ते गाव सोडून घाटावर आले आणि १७१३ साली पेशवे झाले. पुण्याच्या सत्तेची कहाणीच ह्या किनाऱ्यावरून निघून जाण्यापासून सुरू होते. नंतर देव मागे राहिला: हरिहरेश्वर हे पेशव्यांचे कुलदैवत. घर घाटावर आणि कुलदैवत समुद्रकाठी, ही कोकणाशी असलेल्या नात्याची रचना तेव्हापासून असंख्य घराण्यांत रुजली. पुढे विष्णुभट गोडसे वरसईहून निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली चिं. वि. वैद्य ह्यांनी प्रसिद्ध केला. मराठीतले हे श्रेष्ठ प्रवासवृत्त कोकणातून निघते खरे, पण ते झाशी-ग्वाल्हेरकडे जाते. कोकण हा प्रवासाचा विषय नव्हता. ते प्रवासाला निघण्याचे ठिकाण होते. तिथून बाहेर पडायचे, द्रव्य मिळवायचे आणि परत यायचे.

हरिहरेश्वरी मी प्रदक्षिणा केली. देवळामागची टेकडी चढून पलीकडे गेले की कड्याच्या चिरेतून पायऱ्या थेट समुद्रापाशी उतरतात. पुढे लाटांनी कापून काढलेला विस्तीर्ण सपाट कातळ आहे आणि त्याला लागून उभा कडा. कड्याचा दगड खाऱ्या पाण्याने आणि वाऱ्याने पोखरून त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके पडली आहेत. ओहोटी असेल तेव्हाच ह्या वाटेने जाता येते. भरतीच्या वेळी येथे माणसे वाहून गेली आहेत. सावधगिरीच्या सूचना आहेत, आणि त्या सूचनांपाशी उभे राहून छायाचित्रे काढणारेही आहेत. ह्या किनाऱ्यावरचे सर्वांत जुने 'भ्रमण' हे असे आहे. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला ठेवायचा असतो, तेव्हा समुद्र आपसूक डाव्या हाताला राहतो. चालणाऱ्याने त्याच्याकडे पाहावे अशी अपेक्षा नाही. त्याने पाय ठेवण्यापुरती जागा दिली म्हणजे झाले. माझ्यापुढे एक वृद्ध जोडपे चालले होते. बाईंनी सबंध वाटेत एकदाही मान वळवून क्षितिजाकडे पाहिले नाही. त्यांचे लक्ष शेवाळावर होते. मी दोनदा घसरलो.

युरोपातही समुद्राकडे पाहण्याची ओढ सनातन नाही. आलँ कॉर्बां ह्या फ्रेंच इतिहासकाराने १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हे दाखवून दिले आहे. प्रलयाचा अवशेष, वादळे आणि चाचे ह्यांचे घर म्हणून ज्या किनाऱ्याची भीती वाटे, तोच किनारा अठराव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे शंभर वर्षांच्या काळात आरोग्याचे, नंतर भव्यतेच्या अनुभवाचे आणि शेवटी सुटीचे स्थान झाला. आरंभ डॉक्टरांनी केला. थंड समुद्रस्नान हे औषध होते. इंग्लंडमधले ब्रायटन हे गाव ह्या नव्या ओढीचे एक प्रमुख केंद्र. जपानी समीक्षक कोजिन कारातानी ह्यांनी तर निसर्गदृश्य हा आधुनिक साहित्याने लावलेला 'शोध' आहे असे म्हटले आणि त्याचा संबंध आतल्या आत वळलेल्या, भोवतालाशी व्यवहार तुटलेल्या माणसाशी जोडला. राबणारा आणि पाहणारा वेगळे झाल्याशिवाय भूमीचा देखावा होत नाही, ही रेमंड विल्यम्स ह्यांच्या विवेचनाची दिशाही फार वेगळी नाही.

हे सर्व आपल्याला जसेच्या तसे लागू करता येणार नाही. आपल्याकडे समुद्रस्नानाचे डॉक्टर नव्हते, आणि दापोलीला इंग्रजांनी छावणी केली ती गोष्ट मराठी संवेदनस्वभावात फारशी शिरली नाही. आपल्याकडे राबणारा आणि पाहणारा ह्यांच्यात अंतर पाडले ते मुंबईने. कारातानींचा आत वळलेला माणूस मराठीत कोकण सोडून गेलेला माणूस आहे. केशवसुत मालगुंडचे, ऐन समुद्रकाठचे. नोकरीसाठी ते बाहेर राहिले, १९०५ साली हुबळीला वारले. 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यास' ही त्यांची कविता त्या दिशेने येणाऱ्या वाऱ्याला उद्देशून आहे, कारण त्या दिशेला घर आहे. मालगुंडला राहणाऱ्याला नैर्ऋत्येचा वारा म्हणजे पावसाची आणि होड्या वर ओढण्याची सूचना. दूर गेलेल्याला तो निरोप. मराठीत किनारा जिवंत होतो तो असा, पाठमोरा झाल्यावर. ह्याचे टोक आपल्याला १९०९ साली दिसते. समुद्राला संबोधून लिहिलेली मराठीतली सर्वांत लोकप्रिय कविता सावरकरांना त्या वर्षी स्फुरली ती ब्रायटनच्या किनाऱ्यावर. ज्या वाळूवर युरोप सुटी घालवायला शिकला तिथे बसून एका मराठी कवीने समुद्राशी केलेले बोलणे हे घरी नेण्याविषयीचे आहे. भोवतालची करमणूक त्या कवितेत शिरू शकली नाही. दोन संस्कृतींच्या समुद्रांतले अंतर ह्याहून स्पष्ट क्वचितच दाखवता येईल.

आता एका भौतिक गोष्टीकडे वळले पाहिजे, कारण समीक्षेत ती सहसा येत नाही. विसाव्या शतकाचा बराच काळ कोकणचा रस्ता समुद्र हाच होता. मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाई. बोट बाहेर खोल पाण्यात थांबे आणि माणसे, गाठोडी, ट्रंका पडावांतून किनाऱ्याला लागत. पावसाळ्यात हा रस्ता बंद होई. तो सुखाचा मुळीच नव्हता. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' ह्या दोन बोटी एकाच वादळात बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलेले असताना घडलेल्या ह्या मृत्यूंची मराठी साहित्याने घेतलेली दखल त्यांच्या प्रमाणात नाही. पण तो काळ असा होता की गावाची पुढची बाजू समुद्राकडे होती. टपाल, पैसा, लग्नाची वऱ्हाडे, आजारी माणूस आणि बातमी सगळे तिकडून येई.

पुढे रस्ते झाले. ते घाटांच्या पायथ्याने, किनाऱ्यापासून दूर, आत गेले. बोटींची प्रवासी वाहतूक शतक संपण्याआधीच थांबली. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गाने धावू लागली. तीही बहुतेक आतूनच जाते. परिणामी किनाऱ्यावरची गावे हळूहळू उलटी झाली. दार पूर्वेला आले आणि समुद्र परसात गेला. नेमक्या ह्याच सुमारास त्याचा देखावा झाला, हा योगायोग मला वाटत नाही. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ चे. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्याला नियमांच्या कक्षेत आणणारी केंद्राची अधिसूचना १९९१ ची. सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला १९९७ मध्ये. रस्ता म्हणून समुद्र संपला तेव्हा दृश्य म्हणून तो सुरू झाला.

मराठी कादंबरीने ह्या उलटण्याची कहाणी सांगितली आहे, पण एका विशिष्ट जागी बसून. श्री. ना. पेंडसे दापोलीजवळच्या मुर्डीचे, नोकरी मुंबईच्या 'बेस्ट'मध्ये. 'गारंबीचा बापू' (१९५२) पासून 'तुंबाडचे खोत' (१९८७) पर्यंत त्यांनी उभे केलेले कोकण हा मराठी कादंबरीचा एक मानबिंदू आहे ह्यात वाद नाही. त्या कोकणाचा गुरुत्वमध्य मात्र खोताच्या ओटीवर आणि पोफळीच्या आगरात आहे. समुद्र आहे तो कथेच्या कडेला. गो. नी. दांडेकरांचा जन्म विदर्भातला, वास्तव्य माझ्या शेजारच्या तळेगाव दाभाड्याचे. 'पडघवली'त (१९५५) अंबूवहिनीच्या तोंडून त्यांनी एका गावाची पडझड सांगितली, आणि त्या सांगण्यातल्या शोकाने पुढच्या किती वाचकांचे कोकण घडवले ह्याची मोजदाद नाही. खानोलकरांच्या 'कोंडुरा'त (१९६६) समुद्र अखेर मध्यभागी येतो, पण अद्भुत आणि भयंकर अशा दैवी शक्तीच्या रूपाने. त्याच्यावर कुणी पोट भरत नाही. थोर साहित्यकृतींनी हे का केले नाही असा जाब विचारणे अडाणीपणाचे आहे. प्रश्न कृतींचा नाही, त्यांच्या बेरजेचा आहे. मराठीचे साहित्यिक कोकण आगरात उभे आहे आणि समुद्राकडे त्याची पाठ आहे.

बंगालीत अद्वैत मल्लबर्मन ह्यांची तितास नदीवरची कादंबरी १९५६ साली पुस्तकरूपाने आली. लेखक स्वतः मालो ह्या मासेमार जातीतला. मल्याळमात त्याच वर्षी तकळींची 'चेम्मीन' आली; तकळी मासेमार समाजातले नव्हते, आणि त्या कादंबरीतल्या मिथकांविषयी त्या समाजाच्या वतीने आक्षेपही घेता येतील. तरी जाळे, होडी, सावकार आणि समुद्र ह्यांचे नाते तिथे कथानकाचा कणा आहे. सातशे वीस किलोमीटर किनारा लाभलेल्या आपल्या भाषेत ह्या दोन्हींच्या शेजारी ठेवावी अशी कादंबरी मला दिसत नाही. कोळी, खारवी, गाबीत, दालदी हे समाज आपल्या साहित्यात आले ते बहुधा गाण्यातून, नाचातून आणि प्रजासत्ताकदिनाच्या चित्ररथावरून.

ह्याची किंमत भाषेने मोजली आहे. समुद्राविषयीचे कामाचे मराठी अत्यंत संपन्न आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाण, अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला भांग. समुद्रावरून येणारा तो खारा वारा, जमिनीवरून जाणारा तो मतलई. होडी चालवणारा तांडेल, होडीचा मालक नाखवा. किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायची ती रापण, प्रवाहात बांधायची ती डोल, एकट्याने फेकायचे ते पाग. खोली मोजायची वावांत. मोल्सवर्थच्या कोशाने एकोणिसाव्या शतकात असले कितीतरी शब्द नोंदवून ठेवले. साहित्यिक मराठीने त्यांतले उधाण घेतले, तेही भावनांना लावण्यासाठी. बाकीचे शब्द बंदरावरच राहिले. खोली वावांत मोजणाऱ्याला समुद्र अथांग असून चालत नाही. त्याला थांग लागावाच लागतो. अथांग तो पठारावरच्यांना असतो. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या निबंधात 'वाव' आणि 'भांग' हे दोन्ही शब्द होते. दुसऱ्याखाली मी लाल रेघ मारून 'अर्थ?' असे लिहिले होते.

दिवेआगरला मी ज्या घरी उतरलो तिथे मागे पोफळीची वाडी होती. म्हणजे पूर्वी होती. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ ह्याच पट्ट्यावर आले आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पोफळ लावल्यापासून उत्पन्न हाती येईपर्यंत वर्षे जातात. यजमान गृहस्थ मोकळेपणाने म्हणाले, बाग गेली म्हणून खोल्या वाढवल्या. पाहुणे लवकर पिकतात. खोल्यांच्या बाहेर नारळाची चित्रे रंगवली होती. मी त्यांना पर्यटनाविषयी तक्रारीचा सूर काढून पाहिला. त्यांनी साथ दिली नाही. मुलगा मुंबईहून परत आला आहे, हे त्यांचे उत्तर होते. किनाऱ्याचा देखावा होण्याने काय गमावले ह्याचा हिशेब मांडणाऱ्याने हे उत्तरही मांडले पाहिजे. चाकरमानी परत येऊ लागणे ही 'पडघवली'च्या उलट दिशेची घटना आहे, मग ती कोणत्या का निमित्ताने असेना.

दिवेआगरहून श्रीवर्धनला जाणारा किनाऱ्यालगतचा रस्ता भरडखोल, शेखाडी असा जातो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खडक आणि पाणी; गाड्या थांबवून लोक उतरतात, दोन्ही हात पसरून उभे राहतात. १९९३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या बाँबस्फोटांसाठीचे आरडीएक्स ह्याच शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवले गेले. किनारा हा उघडा दरवाजा आहे ही अमात्यांची जाणीव आपल्या साहित्यातून आणि शासनातून विरली होती. ज्यांना तो दरवाजा हवा होता ते ती विसरले नव्हते. भरडखोलला मात्र दरवाजा अजून दरवाजाच आहे. होड्या लागत होत्या, बायका टोपल्या घेऊन पाण्यात उतरल्या होत्या, आणि मासळीचा वास सहन न झालेल्या एका गाडीच्या काचा माझ्यादेखत वर गेल्या. आमच्याही गेल्या असत्या. वाहनचालकाने मुद्दाम उघड्या ठेवल्या. त्याची सासुरवाडी तिथली निघाली.

शेवटच्या दिवशी दिघी. हे गाव आता बंदर म्हणून ओळखले जाते. २०२१ साली ते बंदर अदानी समूहाकडे गेले, आणि दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या आराखड्यात दिघीचे नाव आहे. औद्योगिक पट्टा म्हणजे काय हे माझ्या दिघीला विचारावे. भोसरी-चाकणच्या वाढीत तिची शेते कशी गेली, ओढे कुठे बुजले आणि गावपण कोणत्या गल्लीत उरले, हे तिला ठाऊक आहे. समुद्राची दिघी तिच्यासारखी होईल की नाही हे सांगणे माझे काम नव्हे. एक मात्र दिसते. समुद्र पुन्हा रस्ता होतो आहे, पण ह्या वेळी त्या रस्त्यावर गावातली माणसे नसतील, पेट्या असतील. आणि त्या रस्त्याचे गद्य आज्ञापत्रासारखे मराठीत लिहिले जाणार नाही.

धक्क्यावर आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीची वाट पाहत गाड्या उभ्या होत्या. फेरी सुटल्यावर आम्ही सगळे पर्यटक जंजिऱ्याच्या बाजूच्या कठड्याशी गोळा झालो. गावातली चार-पाच माणसे दुसऱ्या बाजूला बसून राहिली. त्यांच्यातल्या एकीने पाण्याकडे पाहून शेजारणीला म्हटले, आज भांग आहे. मी वळून खाली पाहिले. मला पाणी दिसले, नेहमीसारखे.

परत आल्यावर मी ती उत्तरपत्रिका शोधली. नियमाप्रमाणे त्या वर्षीचे गठ्ठे केव्हाच रद्दीत गेले आहेत. गुणांच्या नोंदवहीत आठ हा आकडा माझ्याच अक्षरात आहे, आणि त्याच्या पुढच्या रकान्यात माझी सही.